हृदयविकारावर उपचार घेऊन घरी परतलेल्या रुग्णाची पुढची प्रकृती त्याच्या वस्तीवर अवलंबून असते का?

प्रश्न : रेवा_नागपूर

नमस्कार. नागपुरात हृदयविकाराच्या रुग्णांना शासकीय योजनेची कागदपत्रे पूर्ण करून देण्याच्या कामात मी काही वर्षांपासून स्वयंसेवक म्हणून मदत करते. रेशनकार्ड, आधार आणि पूर्वमंजुरी या पायऱ्या एकदा पार पडल्या की बहुतेकांची अँजिओप्लास्टी होते, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने उघडून तिच्यात स्टेंट ही बारीक जाळीची नळी बसवली जाते. त्या टेबलावर तरी सधन रामदासपेठेतला रुग्ण आणि वाठोड्याच्या एखाद्या ले-आउटमधला (भूखंड पाडून वसलेल्या वसाहतीतला) रुग्ण यांच्यात फारसा भेद उरत नाही, कारण स्टेंट त्याच प्रकारचा असतो आणि सुटीच्या कार्डावर लिहिलेल्या गोळ्याही जवळजवळ त्याच असतात. भेद दिसू लागतो तो घरी गेल्यावर. धाप लागून, पाय सुजून किंवा गोळ्या बंद पडल्यामुळे स्टेंटमध्ये गुठळी होऊन जे रुग्ण पुन्हा भरती होतात, त्यांचे पत्ते लिहिताना मला ठरावीक वस्त्यांचीच नावे वारंवार लिहावी लागतात.

माझा प्रश्न दुहेरी आहे. हा परिणाम त्या कुटुंबाच्या गरिबीचा मानायचा, की वस्तीचा स्वतःचा असा काही वेगळा परिणाम असतो? म्हणजे तेवढ्याच मिळकतीचे कुटुंब पाणी, रस्ता, दवाखाना आणि मोकळी जागा असलेल्या भागात राहत असेल, तर त्यातील रुग्णाची प्रकृती अधिक चांगली राहते का? आणि तसे असेल, तर सुटी देण्यापूर्वी रुग्णाला त्याच्या घराबद्दल व परिसराबद्दल नेमके काय विचारले पाहिजे? अशा प्रश्नांचे एक पान तयार करून वॉर्डातल्या डॉक्टरांपुढे ठेवण्याचा माझा विचार आहे. त्यामुळे अभ्यासाचा आधार असलेली माहिती आणि प्रत्यक्ष अनुभव, दोन्ही मला हवे आहेत.

उत्तर १ : संख्याशास्त्र_शिक्षक

रेवाताई, तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागावर गेल्या पंचवीसेक वर्षांत बरेच काम झाले आहे, मात्र त्यातील बहुतांश अमेरिकेतले आहे आणि ते आपल्याकडे लावताना सावधगिरी बाळगावी लागते.

२००१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आना डिएझ रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील चार ठिकाणच्या, ४५ ते ६४ वयोगटातील लोकांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून त्यांनी असे दाखवले की व्यक्तीची स्वतःची मिळकत, शिक्षण आणि व्यवसाय हिशेबात घेतल्यानंतरही वंचित वस्तीत राहणाऱ्यांमध्ये हृदयरोहिणीविकाराचे (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या आजाराचे) प्रमाण जास्त राहते. हा अभ्यास आजार होण्यापूर्वीचा आहे. तुम्ही विचारता तो सुटीनंतरचा काळ, आणि त्याबद्दल एमी काइंड यांच्या गटाचा २०१४ सालचा अभ्यास अधिक उपयोगाचा आहे. हृदय अशक्त होणे (हार्ट फेल्युअर), हृदयविकाराचा झटका आणि न्यूमोनिया या तीन कारणांनी भरती झालेल्या, अमेरिकेच्या शासकीय विमा योजनेतील अडीच लाखांहून अधिक वृद्ध रुग्णांची माहिती त्यांनी तपासली. प्रत्येकाच्या पत्त्याला वंचिततेचा एक निर्देशांक जोडला, ज्यात मिळकत, शिक्षण, रोजगार आणि घराची स्थिती यांवर आधारित १७ बाबी होत्या. तीस दिवसांच्या आत पुन्हा भरती होण्याचे प्रमाण ८५ टक्के वस्त्यांमध्ये सरासरी २१ टक्के होते आणि त्या वस्त्यांमध्ये आपसात विशेष तफावत नव्हती. सर्वांत वंचित अशा उरलेल्या १५ टक्के वस्त्यांमध्ये मात्र वंचितता वाढत जाईल तसे ते २२ वरून २७ टक्क्यांपर्यंत चढत गेले.

या निष्कर्षात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही पायरी. परिणाम गरिबीच्या प्रमाणात हळूहळू वाढत जात नाही, तर एका मर्यादेपर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि तिच्याखाली एकदम बिघडतो. मर्यादित मनुष्यबळ कुठे लावायचे हे ठरवायचे असेल, तर शहरभर थोडे थोडे वाटण्यापेक्षा सर्वांत हलाखीच्या वस्त्यांवर एकवटणे अधिक फलदायी ठरेल, असा त्याचा अर्थ मी लावतो.

अर्थात इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो योग्यच आहे. आजारी माणसाची मिळकत घटते आणि घटल्यामुळेच तो स्वस्त वस्तीत येऊन राहतो, असे असेल तर वस्तीला दोष कसा द्यायचा? यावर निव्वळ निरीक्षणाने उत्तर मिळत नाही. म्हणूनच १९९४ ते १९९८ या काळात अमेरिकेतील पाच शहरांत झालेला प्रयोग मोलाचा ठरतो. सार्वजनिक गृहसंकुलांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांपैकी काहींना सोडत काढून कमी गरिबीच्या भागात जाण्यासाठी भाड्याची मदत देऊ करण्यात आली. दहा ते पंधरा वर्षांनी मोजमाप केले तेव्हा, ज्यांना ही संधी मिळाली त्या स्त्रियांमध्ये तीव्र स्थूलता आणि मधुमेह या दोन्हींचे प्रमाण, दर शंभर स्त्रियांमागे चार ते पाच इतके कमी आढळले. हा प्रयोग हृदयविकारावर नव्हता, तरीही हृदयविकाराच्या दोन मुख्य कारणांवर वस्तीचा स्वतंत्र परिणाम होतो, हे त्यातून बऱ्यापैकी सिद्ध होते.

नागपूरसाठी अडचण अशी की आपल्याकडे असा निर्देशांक हाताशी नाही, आणि पूर्ण झालेली शेवटची जनगणना २०११ ची आहे. शिवाय इथे एकाच प्रभागात बहुमजली इमारत आणि तिच्या भिंतीला लागून झोपडपट्टी असते, त्यामुळे प्रभागाची सरासरी काढली तर दोन्हींचे चित्र पुसले जाते. तुम्ही पत्ता घेताना केवळ ‘नंदनवन’ किंवा ‘पारडी’ असे न लिहिता ले-आउटचे नाव, घराचा प्रकार आणि पाण्याची सोय लिहून ठेवलीत, तर तीच माहिती पुढे फार कामाची ठरेल.

उत्तर २ : हृद्चिकित्सक_विदर्भ

वरील विवेचन उत्तम आहे. त्याला एका भारतीय अभ्यासाची जोड देतो, कारण माझ्या मते या प्रश्नाचे खरे उत्तर त्यात आहे. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ‘क्रिएट’ नावाच्या नोंदवहीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतातील ५० शहरांतील ८९ रुग्णालयांत, हृदयविकाराच्या तीव्र लक्षणांसह आलेल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांची ती नोंद होती. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण श्रीमंत रुग्णांत ५.५ टक्के आणि गरीब रुग्णांत ८.२ टक्के होते. संशोधकांनी वय, मधुमेह, तंबाखू इत्यादी हिशेबात घेतले तरी ही तफावत टिकून राहिली. मिळालेले उपचार हिशेबात घेतले तेव्हा मात्र ती नाहीशी झाली. याचा अर्थ असा की गरीब रुग्णाचे हृदय मुळात अधिक दुबळे होते म्हणून तो दगावला असे नव्हते, त्याला योग्य ते उपचार कमी मिळाले म्हणून तो दगावला. मी विद्यार्थ्यांना हे मुद्दाम सांगतो, कारण ही तफावत आपण भरून काढू शकतो.

आता सुटीनंतरच्या काळाकडे येतो. त्या काळात ‘उपचार’ म्हणजे काय, हे एकदा बारकाईने पाहिले की वस्ती कुठे आड येते ते कळते. झटक्यानंतर स्टेंट टाकलेल्या रुग्णाला रक्तातील गुठळी रोखणाऱ्या दोन गोळ्या साधारणपणे वर्षभर घ्याव्या लागतात, आणि पहिल्या महिन्यात त्या बंद झाल्या तर धोका सर्वाधिक असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली, त्या वेळी औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली, आणि त्याने हजारो कुटुंबांचा भार हलका झाला. परंतु स्टेंटचा खर्च एकदाच होतो, गोळ्यांचा दर महिन्याला होतो. योजनेतून मिळणारी औषधे सुटीनंतरच्या ठरावीक दिवसांपुरतीच असतात. ती संपतात त्याच सुमारास रुग्णाला बरे वाटू लागलेले असते, घरात रोजी बंद असते, आणि मोफत औषध मिळणाऱ्या रुग्णालयापर्यंत जायचे तर एक दिवस मोडतो. आपल्या मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळतात, पण दिघोरी, हुडकेश्वर किंवा वाठोड्याच्या आतल्या ले-आउटमधून मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांत यायचे म्हटले, तर ऑटोशिवाय फारसा पर्याय नसतो. नुकताच झटका येऊन गेलेला माणूस एकटा येत नाही, सोबत मुलगा किंवा सून येते, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. याच आठवड्यात गोळ्या तुटतात.

हृदय अशक्त झालेल्या रुग्णाचे प्रकरण आणखी नाजूक असते. त्याला आम्ही सांगतो की रोज सकाळी लघवी करून झाल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करा आणि दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलोने वाढले तर लगेच या, कारण ती वाढ चरबीची नसून शरीरात साचलेल्या पाण्याची असते आणि धाप लागण्याच्या कितीतरी आधी तिची सूचना मिळते. हे सांगताना त्याच्या घरी वजनकाटा आहे का, हे बहुधा कोणी विचारत नाही. मीठ कमी करा असे सांगतो, पण भाजी महाग झाली की पोळी किंवा भात लोणचे, ठेचा आणि पापड यांच्या आधाराने खाल्ला जातो, आणि या तिन्ही पदार्थांत मीठच मुख्य असते. रोज अर्धा तास चाला असे सांगतो. अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या आसपास राहणाऱ्याला ते सहज जमते. उघड्या नालीच्या कडेने जाणाऱ्या, दिवे नसलेल्या आणि कुत्र्यांनी भरलेल्या गल्लीत ते कठीण असते, आणि स्त्रियांना तर त्याहूनही कठीण. हवेचाही वाटा आहे. हवेतील अतिसूक्ष्म धुळीमुळे हृदयविकाराचा धोका वाढतो हे आता निर्विवाद आहे, आणि कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांच्या बाजूला किंवा भांडेवाडीच्या कचरा डेपोजवळ राहणाऱ्यांना तो घरबसल्या सोसावा लागतो.

उपाय काय, तर वस्तीपर्यंत जाणारा माणूस. भारतातील १४ रुग्णालयांत झालेल्या एका चाचणीत, झटक्यातून वाचलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या पाठपुराव्यासाठी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते नेमले गेले. त्यांनी सुटीपूर्वी आणि नंतर वर्षभर रुग्णाशी व कुटुंबाशी बोलून गोळ्या, आहार आणि व्यसन यांचा आढावा घेतला. वर्षअखेर त्या गटात औषधे नियमित घेण्याचे प्रमाण अधिक होते आणि रक्तदाबही कमी होता. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, परिचारिकाही नव्हते. आपल्या शेजारच्या भंडारा आणि वर्धा जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरुवातीच्या टप्प्यातच राबवला गेला. तिथे औषध रुग्णाच्या घराजवळच्या केंद्रावर आणि एका वेळी महिनाभराचे देण्यावर भर होता. रक्तदाबासाठी जे जमले, ते हृदयरुग्णाच्या चार गोळ्यांसाठी न जमण्याचे काही कारण मला दिसत नाही.

उत्तर ३ : औषधालय_पारडी

डॉक्टरसाहेबांनी गोळ्या तुटण्याबद्दल लिहिले, त्यात दुकानाच्या काउंटरवरून दिसणारी एक गोष्ट जोडतो. रुग्ण किंवा त्याची बायको अनेकदा सुटीचे कार्ड आणत नाही, रिकाम्या पट्टीचा कातरलेला तुकडा आणते. त्यावर नावाची अर्धीच अक्षरे उरलेली असतात आणि तीही इंग्रजीत. ‘ही पाच द्या’ असे सांगितले जाते, कारण आठवड्याची मजुरी शनिवारी मिळायची असते. पाच गोळ्या घेण्यात चूक काही नाही, पण चार औषधांपैकी ज्या गोळीच्या पट्टीचा तुकडा सापडला, तिच्याच पाच नेल्या जातात. रक्तातील चरबीची गोळी बहुधा सर्वांत आधी गळते, कारण ती घेतली किंवा न घेतली तरी अंगात काही फरक जाणवत नाही.

याच्या उलट धोकाही तेवढाच आहे. रुग्णालयातून मिळालेली गुठळी रोखणारी गोळी आणि बाहेरून लिहून दिलेली दुसऱ्या कंपनीची तीच गोळी, रंग वेगळा असल्यामुळे दोन्ही एकदमच घेतल्या जातात, आणि मग हिरड्यांतून रक्त येते किंवा शौचाला काळे होते. रेवाताई, तुमच्या पानावर एक गोष्ट अवश्य ठेवा. प्रत्येक औषधाचे मूळ नाव (कंपनीने दिलेले नव्हे, औषधाचे स्वतःचे) मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा, ते कशासाठी आहे ते दोन शब्दांत लिहा, आणि ‘१-०-१’ लिहिण्याऐवजी सकाळ-रात्र असे लिहा किंवा सूर्य-चंद्राचे चित्र काढा. जनऔषधी केंद्रात यांतली बहुतेक औषधे कितीतरी कमी किमतीत मिळतात, पण मूळ नाव ठाऊक नसेल तर ग्राहक तिथून रिकाम्या हाताने परततो.

उत्तर ४ : कपिलनगरची_लेक

माझ्या वडिलांना झटका येऊन गेला आहे आणि आता त्यांची प्रकृती ठीक आहे, म्हणून घरच्या बाजूने लिहिते. रुग्णालयात बाबांना कोणी विचारले की ‘धूम्रपान करता का’, तर ते ‘नाही’ म्हणत आणि ते खरेच होते, कारण ते बिडी-सिगारेट कधीच ओढत नव्हते. ते खर्रा खात होते. आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर (प्लास्टिकच्या कागदावर) घोटून दिलेला खर्रा कामावर जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पुरुषाच्या खिशात असतो, आणि तो व्यसनात मोजला जात नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर डोळ्यांसमोर घोटला जातो. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच पानठेला आहे, आणि बाबांचे मित्रही तिथेच बसतात. त्यांना भेटायला जायचे तर खर्रा पुढे येतो, आणि खर्रा टाळायचा तर माणसे टाळावी लागतात. याला मी वस्तीचा परिणाम म्हणेन, कारण घरातले सगळे एकमताने त्यांच्या बाजूने असूनही पहिले काही महिने आम्हाला ते सोडवता आले नाही. शेवटी त्यांच्या मित्रांनाच घरी चहाला बोलावू लागलो, तेव्हा जमले.

दुसरे पाण्याचे. आमच्याकडे नळ आहे, पण वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, त्यामुळे खालून पाण्याचे गुंड (हंडे) भरून आणावे लागतात. डॉक्टरांनी ‘जड उचलू नका’ असे सांगितले होते, पण आई आजारी पडली त्या दिवशी बाबा स्वतःच पाणी भरायला गेले आणि जिन्यात बसून राहिले. घरात पाणी कोण भरते, हे आम्हाला सुटीच्या वेळी कोणी विचारले असते, तर त्याची व्यवस्था आम्ही आधीच लावली असती.

प्रत्युत्तर : हृद्चिकित्सक_विदर्भ

ताई, खर्ऱ्याचा मुद्दा तुम्ही मांडलात हे फार चांगले झाले. धूर नाही म्हणजे हृदयाला धोका नाही, हा समज आपल्या विदर्भात सुशिक्षितांमध्येही आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात केवळ तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला होता. मी स्वतः आता ‘धूम्रपान’ हा शब्द विचारतच नाही. खर्रा, नस (तपकीर), गुडाखू (दातांना लावायची तंबाखूची पेस्ट), बिडी अशी एकेक नावे घेऊन विचारतो, आणि उत्तरे बदलतात.

पूरक प्रश्न : रेवा_नागपूर

सर्वांचे मनापासून आभार. पानावर आतापर्यंत इतके प्रश्न आले आहेत: महिन्याची औषधे कुठून आणणार आणि ती आणायला कोण जाणार, घराजवळचे मनपाचे आरोग्य केंद्र कोणते, वजनकाटा कुठे मिळेल, घरात पाणी कोण भरते, खर्रा किंवा तंबाखू कोणत्या रूपात आहे, आणि कामावर परत जायचे तर तिथे किती वजन उचलावे लागते. शेवटचा प्रश्न कळमन्याच्या बाजारातले हमाल डोळ्यांसमोर ठेवून घातला आहे.

एक शंका उरते. उन्हाळ्यात भरती वाढते असे वॉर्डातल्या परिचारिका सांगतात. लघवीची गोळी घेणाऱ्या आणि पाणी मोजून प्यायला सांगितलेल्या रुग्णाने नागपूरच्या मे महिन्यात काय करावे?

प्रत्युत्तर : हृद्चिकित्सक_विदर्भ

ही शंका अगदी रास्त आहे, कारण सुटीच्या कार्डावर लिहिलेला पाण्याचा हिशेब बाहेर ३० अंश असताना वेगळा आणि ४५ अंश असताना वेगळा असतो. टिनाच्या छपराखाली दुपारी खोलीतले तापमान बाहेरच्याहूनही जास्त जाते. घामावाटे पाणी आणि क्षार जात असताना लघवीची गोळी पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिली, तर रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडावर ताण येतो आणि पोटॅशियम बिघडून हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. उलट घाबरून रुग्णाने गोळी स्वतःहून बंद केली, तर आठवड्याभरात फुप्फुसांत पाणी साचते. दोन्ही प्रकारचे रुग्ण उन्हाळ्यात येतात.

म्हणून मार्चच्या अखेरीस एकदा रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक), सोडियम आणि पोटॅशियम तपासून मात्रा नव्याने ठरवून घ्यावी. वजन नेहमीपेक्षा दीड-दोन किलोने कमी झाले, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा लघवी फार कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मीठ-साखरेचे पाणी किंवा पाकिटातली जलसंजीवनी विचारल्याशिवाय रोज घेऊ नये, कारण त्यातल्या मिठाने हृदय अशक्त असलेल्या रुग्णाची सूज वाढू शकते. गोळीची वेळ सकाळची ठेवावी, आणि दुपारी अकरा ते चार या वेळात रुग्णाला टिनाच्या छपराच्या खोलीत ठेवू नये. शेजारी पक्के घर असेल, समाजमंदिर असेल किंवा बुद्धविहार असेल, तर त्यांच्याशी आधीच बोलून ठेवता येते.

तुमच्या पानावर यासाठी दोन ओळी वाढवा: घराचे छप्पर कशाचे आहे, आणि दुपारी कूलर चालण्याइतकी वीज व पाणी असते का. पानाचा मसुदा तयार झाला की इथेच टाका, मी माझ्या वॉर्डात तो पहिल्यांदा हृदय अशक्त असलेल्या रुग्णांसाठी वापरून पाहतो.